तेल लावणाऱ्या बायकांची झोप

मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात सकाळी साडेआठला अंगाला अंग लागल्याशिवाय उभं राहता येत नाही. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची पर्स पोटात, पावसाळा असला तर कुणाच्या तरी छत्रीचं पाणी पायावर. मुलुंडहून सीएसएमटीला पोचेपर्यंत शरीराचा एकही भाग धक्क्यावाचून राहत नाही. तरी खिडकीशी बसलेली बाई झोपते. घाटकोपरपर्यंत तिची मान कलंडलेली असते, आणि दादरला उतरायचं असेल तर माटुंगा मागे पडताना तिचे डोळे आपोआप उघडतात. गजर नाही, कुणाची हाक नाही. मला पूर्वी या झोपेचं फार कौतुक वाटायचं. हल्ली वाटतं, डोळे तेवढे मिटलेत. आतला पहारा चालूच आहे.

निद्रानाशाबद्दल डॉक्टर साधारण हेच सांगतात. जुन्या निद्रानाशात शरीर दमलेलं असूनही सावध राहतं. मेंदूला कुणी सुट्टीच देत नाही. दिवसभर ज्या सावधपणावर आपण ही मुंबई निभावतो, तोच रात्री गादीवर आपल्याशेजारी येऊन पडतो.

पन्नाशीच्या आसपास माझी झोप तुटायला लागली. अकराला आडवं व्हायचं, साडेबारापर्यंत पंख्याकडे बघायचं, लागलीच झोप तर तीनला जाग. छातीतून मानेकडे गरम लाट चढते, घाम फुटतो, पांघरूण फेकायचं, पाच मिनिटांनी तेच पुन्हा ओढायचं. मग उद्याचा डबा, लेकाची फी, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं रांगेने हजर. बाहेर रस्त्याचं खोदकाम. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे असं नियम सांगतो. खोदणाऱ्या मशीनला कुणी तो वाचून दाखवलेला नसावा. साडेपाचला सोसायटीचा पंप सुरू होतो आणि मग झोपायचा प्रश्नच मिटतो. डॉक्टरांनी रजोनिवृत्तीचं सगळं समजावून सांगितलं, रक्त तपासलं, थायरॉइड ठीक आहे म्हणाल्या, आणि फाइल मिटता मिटता विचारलं, ‘दिवसात कधी काही न करता बसता का हो?’ मी हसले. त्या हसल्या नाहीत.

वाढदिवसाला ऑफिसच्या मैत्रिणींनी अंधेरीच्या एका स्पाचं कूपन दिलं. गवती चहाच्या तेलाचा वास, कुठूनशी बासरी, तोंडाखाली भोक असलेलं टेबल. मसाज देणारी मुलगी मिझोरामची होती. तिचे हात इतके शांत होते, की पाठीवरून खांद्यापर्यंत आले तोवर मी झोपले. चक्क घोरले, असं तिने नंतर लाजत सांगितलं. इथवर सगळं छान. मग आलं आल्याचा चहा, बिल, बिलावरचा जीएसटी आणि ‘मॅडम, पॅकेज घेतलं तर स्वस्त पडेल.’ बाहेर पडले तर संध्याकाळचे सात. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षा पवईला अडकली ती अडकलीच. मागून हॉर्न, बाजूला सिमेंटचा मिक्सर, मोबाइलवर ऑफिसचा ग्रुप. मुलुंड आलं तेव्हा दातावर दात घट्ट बसले होते आणि खांदे पुन्हा कानांपर्यंत. रात्री तर आणखीच पंचाईत. संध्याकाळी तासभर गाढ झोपलेल्या माणसाला अकराला झोप कुठून येणार? दिवसभर साठत गेलेली झोपेची गरज मी टेबलावरच खर्चून आले होते.

स्पाला मी नावं ठेवत नाही. त्या मुलीच्या हातात कसब होतं. पण झोपेसाठी मालिश करायची तर ती गादीपासून चार पावलांवर व्हायला हवी, एवढं त्या संध्याकाळी मला पक्कं कळलं. मुंबईत अंतर हा सगळ्यात मोठा अपथ्यकारक पदार्थ आहे.

घरात काशाची वाटी होतीच. सासूबाईंच्या माहेरची, मालवणहून आलेली, तळाला गुळगुळीत झालेली. उन्हाळ्यात डोळे जळजळले, तोंड आलं, पोर रात्री किरकिरलं, की ती वाटी बाहेर यायची. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीचा तळ गोल गोल फिरवत राहायचा. थोड्या वेळाने पाय काळा होतो. ‘बघ, अंगातली उष्णता कशी निघाली,’ असं सासूबाई म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपतो. हल्ली याच काशाच्या थाळ्या बसवलेली यंत्रंही निघाली आहेत. पाय ठेवायचे आणि पैसे द्यायचे. तिथेही काळे झालेले तळवे पुरावा म्हणून दाखवतात. खरं तर तो काळेपणा काशाचा आणि तुपाचा. धातू, स्निग्ध पदार्थ आणि घाम एकमेकांवर घासले की काळं होणारच. त्यात आपल्या पोटातलं काही नसतं.

मात्र उष्णतेबाबत सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, ही गंमत मला उशिरा कळली. झोप लागण्यापूर्वी शरीर आपलं आतलं तापमान किंचित उतरवतं. ही उष्णता बाहेर टाकायची मुख्य वाट म्हणजे हातापायांची त्वचा. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पृष्ठभागाशी येतं, हातपाय ऊबदार होतात आणि आतला गाभा निवतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हेच मांडलं: हातापायांची त्वचा धडाच्या मानाने जितकी ऊबदार, तितकी झोप लवकर लागते. तळपाय चोळले की ते ऊबदार होतात. म्हणजे उष्णता पायावाटे निघते खरी, फक्त ती काळी नसते. हे मी सासूबाईंना सांगितलं. ‘मग मी काय वेगळं सांगत होते?’ म्हणाल्या.

आपल्या जुन्या वैद्यांना मालिशीचं आणि झोपेचं नातं चांगलं ठाऊक होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, झोप न येणाऱ्यासाठी एक यादी आहे. ती वाचताना मला फार मजा आली. अंगाला तेल, उटणं, स्नान, मांसाचे रस, भात आणि दही, दूध, तूप, मद्य, मनाला सुख, आवडीचे गंध, आवडीचे आवाज, संवाहन म्हणजे हलक्या हाताने अंग चेपणं, डोळ्यांचं तर्पण म्हणजे डोळ्यांवर तूप धरणं, डोक्याला आणि चेहऱ्याला लेप, नीट अंथरलेली गादी, सुखाचं घर आणि योग्य वेळ. एकट्या तेलावर चरकाने भिस्त ठेवलेली नाही. आणि यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी मुंबईत सगळ्यात महाग आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करा म्हटलं, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष. फायद्यांमध्ये झोपेचा उल्लेख आहेच. पण अजीर्ण झालं असेल, कफ दाटला असेल तर नको, हेही तिथेच बजावलंय. मालिश सगळ्यांना, कधीही आणि कशालाही चालते असं सांगणाऱ्या आजच्या जाहिरातींपेक्षा हा माणूस जास्त सावध होता.

आता त्या लेडीज डब्याकडे येते. तिथे तासभर अंगाला इतके हात लागतात, मग त्यातल्या एकानेही अंग सैल का पडत नाही? एक कारण त्वचेतच सापडतं. आपल्या लव असलेल्या त्वचेत काही फार संथ मज्जातंतू असतात. पाठीवर, दंडांवर, हाताच्या वरच्या बाजूला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी त्यांचा माग काढला. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर, इतक्या सावकाश फिरणाऱ्या हाताला हे तंतू सगळ्यात जास्त ओ देतात. हात घाईने फिरला की त्यांची उत्तरं कमी होतात. आई तापलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच. तिला कुणी सेंटिमीटर मोजून दिलेले नसतात. गर्दीतला स्पर्श याच्या नेमका उलट. कधी येईल, कुठे येईल, किती जोरात येईल, कुणाचा असेल, काहीच ठाऊक नाही. म्हणून बाई पर्स छातीशी धरून उभी राहते. मालिशीत पुढचा हात कुठे पडणार ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून शरीराला कळायला लागतं, आणि मग पहारा उतरतो. माझ्या मते झोपेच्या बाबतीत मालिशीचं सगळं कर्तृत्व या एका गोष्टीत आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटलकडे एक मोठा प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेली ४०१ माणसं घेतली. काहींना नुसता सैलावणारा मसाज दिला, काहींना कुठला स्नायू का आखडलाय ते शोधून त्यावर काम करणारा, आणि काहींवर नेहमीचेच उपचार ठेवले. दहा आठवड्यांनी दोन्ही मसाजवाले गट बरे निघाले. पण त्या दोन मसाजांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वर्षभराने फायदाही बहुतेक ओसरला. दुखणं आणि झोप यांचं भांडण ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे महत्त्वाचं वाटेल. कूस बदलताना कंबरेत कळ येते, जाग येते. झोप झाली नाही की तीच कळ दुसऱ्या दिवशी दुप्पट वाटते. ही साखळी कुठेतरी तोडायला साधा, प्रेमाने फिरवलेला हातही पुरतो, असा मी त्या निकालाचा अर्थ लावते. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी तर थेट माझ्यासारख्या बायका घेतल्या, रजोनिवृत्तीनंतर निद्रानाश जडलेल्या. गट लहान होता, पण मालिश घेणाऱ्यांची झोप आणि मन दोन्ही सुधारलेलं दिसलं.

स्पाच्या भिंतीवर लिहिलेलं सगळंच मात्र खरं नाही. मसाजने ‘टॉक्सिन्स’ निघून जातात, हे त्यातलं पहिलं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि त्यासाठी कूपन लागत नाही. दुसरं, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मसाजने धडाधड खाली येतं. मायामीमधल्या एका संशोधनसंस्थेने हा मुद्दा वर्षानुवर्षं मांडला, पण ख्रिस्तोफर मॉयर या मानसशास्त्रज्ञाने २०११ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो परिणाम अगदीच किरकोळ निघाला. त्याच मॉयरने आधी, २००४ साली, ३७ अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यात चिंता कमी होते, आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या मसाजने ती चांगलीच कमी होते, हे मात्र ठळक दिसलं होतं. मला तेवढं पुरे आहे. रात्री तीन वाजता माझ्या उशाशी कॉर्टिसोल येऊन बसत नाही, लेकाची फी येऊन बसते.

आपल्याकडे बाईच्या अंगाला दुसऱ्या कुणी नीट तेल लावायचे प्रसंग किती? जन्मल्यावर काही महिने. मग एकदम बाळंतपणात. मधल्या आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत तीच लावते. नरकचतुर्दशीला पहाटे उठून पोरांना, पाडव्याला नवऱ्याला, एरवी सासूच्या गुडघ्यांना. गिरगाव चौपाटीवर, जुहूला संध्याकाळी बाटल्या किणकिणवत तेलमालिशवाले फिरतात. चटईवर पालथं पडलेल्या पुरुषांकडे बघत आपण भेळ खातो. तिथे बाई पालथी पडलेली कुणी पाहिली आहे? आणि बंद दाराआडच्या मसाजला या शहरात असा काही वास चिकटलाय, की चांगल्या घरची पन्नाशीची बाईसुद्धा ‘फिजिओकडे जाते’ असंच सांगते.

बाळंतपणात माझ्याकडे यायच्या त्या मालिशवाल्या मावशी कळव्याहून यायच्या. सकाळी आठला बेल. आधी बाळ, मग मी. न्हाणीत पाटावर बसवून कोमट तिळाचं तेल कंबरेपासून वर, दोन्ही अंगठे कण्याच्या दोन्ही बाजूंनी. मग कढत पाणी, मग ओव्याची धुरी, शेक. बाळ झोपायचं आणि त्यामागोमाग मीही. इतकी जड झोप मला पुन्हा कधी लागली नाही. रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी दहाला झोपायची परवानगी असायची, आणि ती परवानगी मावशींच्या तेलामुळे मिळायची. मालिश झालीय, आता तिला उठवू नका. सासूबाईंचं राज्य होतं तरी हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

मावशी दिवसाला चार-पाच घरं करायच्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असायचा. मी एकदा विचारलं, ‘मावशी, तुम्हाला कोण तेल लावतं?’

‘मला कशाला? मी आडवी झाले की मेले. झोप न यायला मला वेळ कुठाय, ताई?’

त्यांच्या घरी पाणी पहाटे साडेतीनला यायचं. झोप येत नाही आणि झोपायला मिळत नाही ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दुसऱ्यावर तेलाचा काडीचाही उपयोग नाही. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असं तज्ज्ञ सांगतात. कळव्याच्या नळाला तेही कुणी सांगितलेलं नाही.

घरात मी हा विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, मी लावतो की. पहिल्या दिवशी त्याने माझा तळपाय भांडं घासायच्या जोमाने घासला, नजर टीव्हीवर, मुंबई इंडियन्सच्या सामन्यात. प्रत्येक चेंडूला हात थांबायचा. टीव्ही बंद करून, दिवा मंद करून, ‘हळू, अजून हळू’ असं म्हणत म्हणत त्याला वेग सापडला. खरा अडथळा वेगळाच निघाला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्या लेकाच्या मांडीवर माझा पाय. ‘अगं, नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो,’ म्हणाल्या. मी पाय ओढून घेतला. नवऱ्याने तो परत मांडीवर ठेवला. ‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय.’ डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. सासूबाई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मग दार तरी लोटून घ्या.’

झोप बरी झाली का? लागते लवकर, हे खरं. तीनची जाग अजून येते, गरम लाटही येते; पण खांदे उतरलेले असतात, त्यामुळे पुष्कळदा परत डोळा लागतो. ज्या रात्री पाय चोळताना आमचं पैशांवरून बोलणं निघतं, त्या रात्री सगळं मुसळ केरात.

नवऱ्याच्या घोरण्यावर मात्र मालिशीचा प्रयोग मी केला नाही, आणि कुणी करू नये. घोरता घोरता श्वास अडकणं, दचकून उठणं, दिवसा गाडी चालवताना पेंग येणं ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं आहेत; त्याला तपासणी लागते. त्याची झाली, रात्री मशीन लावून झोपतो. आठवड्यातून तीन-तीन रात्री झोप नाही आणि असे तीन महिने गेले, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. जुन्या निद्रानाशावर आज पहिला उपाय म्हणून सुचवतात ती सीबीटी-आय नावाची वर्तनोपचार पद्धती. त्यात झोपायच्या-उठायच्या वेळा बांधून देतात, गादीवर जागं लोळत राहायची सवय मोडतात आणि झोपेविषयीची धास्ती कमी करतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली झोपेच्या गोळ्यांच्या आधी तिचंच नाव घेतलं. मालिश तिच्या सोबतीला चालते, तिच्या जागी नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी, कारण आपल्याकडे तेल हातात आलं की माणूस थेट वैद्य होतो. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. मधुमेह्यांच्या पायाला पुष्कळदा चटका कळत नाही, म्हणून तेल आधी आपल्या मनगटावर लावून पाहायचं. केस कापून झाल्यावर चंपी करता करता सलूनवाला मान कडाकड मोडतो, तिथे हात वर करून नको म्हणायचं, कितीही बरं वाटत असलं तरी. त्या झटक्याने मानेतल्या धमनीला इजा होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. लेकाला हे दर महिन्याला सांगते, तो दर महिन्याला मान हलवतो.

आता सासूबाईंचे पाय शुक्रवारी लेक चोळतो, नातवाने लावलेलं त्यांना चालतं. त्यांना खोबरेल लागतं, मला तीळ. दोन्ही वाट्या ओट्यावर शेजारी असतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर घरात तक्रार होते. तेल लावल्यावर जुने सुती मोजे घालायचे, कारण टाइल्सवर तेलकट पाय घसरतो आणि म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. शिवाय चादरीवरचे डाग निघत नाहीत, डिटर्जंटच्या जाहिरातीत काहीही दाखवोत.